एक हात वर म्हणजे येतोय

माझ्या गाडीत मी चांगले स्पीकर हौसेनं बसवले असं कुणाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका. मी ते रागानं बसवले. वडलांचं तोंड एकदाचं बंद करायला बसवले. बापाविषयी असं बोलू नये हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझ्या बापासोबत चार दिवस राहा आणि मग शिकवायला या.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादांचा साऊंडचा धंदा होता. कर्णे, लाकडी खोके, माईक, अँप्लीफायर, वायरींची भेंडोळी. डोंगरकडा गावाच्या आसपास कुठंही लग्न असो, सप्ताह असो की कुणाचं बारसं, सुपारी दादांनाच. पस्तीस-चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग ट्रकभर खोके घेऊन डीजेवाले आले आणि दादांनी सगळं विकून टाकलं. एक कर्णा तेवढा ठेवला, तो अजून माळवदावर पालथा पडलाय.

आता इतकी वर्षं ज्याच्या कानाशी कर्णे कोकलले, त्याच्या कानाचं काय होणार? जे व्हायचं तेच झालं. दादांना ऐकू येत नाही. शेजारच्या लेकराला कळतं, दारातल्या कुत्र्याला कळतं, एकट्या दादांना कळत नाही. काहीही विचारा, उत्तर एकच. "दादा, जेवले का?" व्हय. "दादा, बस कितीला हाय?" व्हय. मी हिंगोलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, डॉक्टर लोक रोज भेटतात. कानाची तपासणी करू, लागलं तर मशीन बसवू, असं मी दोन वर्षं सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी! "इतके वरसं म्या मशीन चालवलं," म्हणायचे, "आता मशीन मला चालवंल व्हय?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायचे.

मी तरीही गप्प बसले असते. पण वारंगा फाट्यावर जे झालं ते मला कळलं, आणि तेही दादांकडून नाही. दर रविवारी गावी जाताना मी फाट्यावरच्या एका हॉटेलात चहा घेते. तो हॉटेलवाला म्हणाला, "ताई, काकाला एकटं नका सोडत जाऊ." दादा एसटीतून उतरून रस्ता ओलांडत होते. मागून ट्रक. ड्रायव्हर हॉर्न दाबून बसलेला, सगळा फाटा वळून बघतोय, आणि दादा आपले रमतगमत चाललेत. या माणसानं उकळता चहा तसाच सोडून धाव घेतली आणि दादांना बाहीला धरून मागं ओढलं. बाही फाटली, दादा वाचले.

घरी पोचले तर माय तीच बाही शिवत बसलेली. "खिळ्याला अडकली म्हने," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खिळा व्हता का ट्रक व्हता?" मी दादांच्या समोर उभी राहून ओरडले.

"हॉर्न बिघडेल असंल त्याचा," दादा म्हणाले.

"अन् माह्या गाडीत गाणं लावलं की तुमी इचारता, बातम्या लागल्या का म्हून. ते काय?"

"तुह्या गाडीतला साऊंड भिकार हाय. कंपनीनं पापडावानी दोन स्पीकर देले, त्यात काय आयकू येनार? चांगला साऊंड लाव, मंग पाहू कोन बहिरं हाय."

"लावते. अन् तरी आयकू न्हाई आलं तर?"

"तर तू म्हनशील त्या डॉक्टरकडं येतो. मशीन लावतो. लाव शर्त!"

"लागली शर्त," मी म्हणाले.

"दोघं बी एका माळंचे मनी," माय म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

माझी गाडी म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेली एक छोटी पांढरी गाडी. तिच्यात साऊंड कसा बसवतात यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. साऊंडवाल्याची पोरगी असून कळत नव्हतं, कारण लहानपणापासून मला त्या धंद्याची चीड होती. पण शर्त म्हटल्यावर मी वही केली. दुपारी डबा खाताना मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि लिहून घ्यायचे. पुढच्या दोन दारांत चांगले स्पीकर. बारीक आवाजासाठी वेगळे छोटे ट्वीटर, ते आरशाजवळच्या कोपऱ्यात, कानाच्या उंचीला. दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायची डांबरासारखी शीट. सीटखाली मावेल असा लहान अँप्लीफायर. टेप आहे तोच ठेवायचा. डिक्कीत काहीही नको. मला धडधड नको होती, मला गाण्यातले शब्द पाहिजे होते. शब्द आरशासारखे स्वच्छ आले आणि तरी दादांना कळले नाहीत, तर त्यांना पळायला वाटच राहणार नव्हती.

हिंगोलीत तीन दुकानं पालथी घातली. पहिल्यानं विचारलं, "साहेब नाही आले का सोबत?" दुसऱ्यानं माझी वही बघितलीसुद्धा नाही. "मॅडम, बेसट्यूब डालो, पूरी गाडी हिलेगी." मी म्हटलं, भाऊ, आमची गाडी रस्त्यानंच हलते, तुम्ही आणखी कशाला हलवता? तिसऱ्यानं वही बघितली आणि म्हणाला, "ये सब आपको किसने लिख के दिया?" जसं काही मला लिहिता येत नाही! तिथून निघाले तेव्हा इतकी चिडलेली होते की गाडी दुसऱ्याच गल्लीत घातली.

रविवारी गावी गेले आणि वही चुलीजवळ विसरले. परत घ्यायला गेले तर दादा चष्मा लावून वाचत बसलेले. माझ्या अक्षरांखाली त्यांनी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं: 'पयले वायर. जाड घेणे. बाकी सर्व नंतर.' आणि दोन ठिकाणी फुल्या मारल्या होत्या.

"माह्या वहीला हात काहून लावला?" मी म्हणाले.

"साऊंड लावायला माह्याबिगर जाशील? लोक थुकतील तोंडावर," दादा म्हणाले.

वारंगा फाट्यावर गाड्यांच्या साऊंडचं एक दुकान आहे. दुकानदाराचा बाप एकेकाळी दादांचे कर्णे भाड्यानं न्यायचा. दादांनी त्यालाच फोन लावायला सांगितला. ते बोलायचे, उत्तर मी ऐकून सांगायचे, आणि तरी ऐकू येत नाही म्हणायचं नाही!

ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच जाऊन बसलो. दुकानदारानं दारांची पॅडं उघडली, पत्र्याला शीट चिकटवली, सीट वर उचलली. दादा धोतर वर खोचून मध्येच. हे वायर इथून नको, तिथून ने. हा स्क्रू कस. दुकानदार बिचारा "व्हय काका, व्हय काका" करत होता. स्पीकर बसले आणि दादा माझ्याकडं वळून सवयीनं म्हणाले, "जा, त्या खांबापाशी उभी राह्य. आला की हात वर कर."

मी जागची हलले नाही. डोकंच फिरलं माझं.

हात वर कर! माझं सगळं बालपण या तीन शब्दांत गेलं. दादांची कामाची पद्धत अशी होती. कुठंही मांडव पडला, कर्णे बांधून झाले, की दादा मशीनजवळ बसायचे आणि मला पार गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचे. कधी पाण्याच्या टाकीपाशी, कधी शाळेच्या कुंपणाला. तिथून मी खुणा करायच्या. एक हात वर म्हणजे येतोय. दोन्ही हात वर म्हणजे फाटतोय, कमी करा. हात खाली म्हणजे काहीच येत नाही. बाकीची लेकरं मांडवात बुंदी खायची, नवरदेवाला बघायची, आणि मी उन्हात हात वर करून उभी. मला वाटायचं, यांना मी जवळ नकोय. मागून किती हाका मारल्या तरी हा माणूस वळून बघायचा नाही. दादा, दादा, दादा करून घसा बसायचा. मशीनवर वाकलेली ती पाठ मी आयुष्यभर विसरले नाही.

आणि एका गोष्टीसाठी तर मी त्यांना कधीच माफ केलं नव्हतं. सहावीत शाळेच्या गॅदरिंगला मी गाणं म्हटलं होतं. साऊंड अर्थातच दादांचा. महिनाभर मी ते गाणं घासलं होतं. गाता गाता बघितलं तर दादा स्टेजखाली खोक्यावर हात टाकून, डोळे मिटून बसलेले. माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही. शेवटच्या कडव्याला माझा आवाजच खाली गेला. टाळ्या पडल्या, बाईंनी पाठ थोपटली, मी पळत दादांकडं गेले. कसं झालं, विचारलं. दादा म्हणाले, "बराबर हाय. फाटत न्हाई." मी गाण्याचं विचारलं होतं आणि ते माईकचं सांगत होते. त्या दिवसानंतर मी कुठं गायले नाही.

तर मी खांबापाशी गेले नाही. "मी काय आता चवथीत न्हाई," म्हणाले आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. दादांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीत जाऊन बसले. दुकानदारानं गाणं लावलं. छान वाजत होतं. मला तरी छान वाटलं. दादांनी दोन्ही हात लांब करून दोन्हीकडच्या दारांवर तळवे टेकवायचा प्रयत्न केला, मग एकेका दाराला हात लावून बघितला, आणि मान हलवली.

"दोनी दारं भांडून राहिले," म्हणाले. "एक ढकलतंय, एक वढतंय. तळवा भरत न्हाई."

दुकानदार म्हणाला, "काका, बराबर तर वाजतंय."

दादांनी खिशातून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. घरूनच आणला होता! एका स्पीकरची वायर सेलला टेकवली, स्पीकरचा पडदा बाहेर आला. दुसऱ्याची टेकवली, पडदा आत गेला. दुकानदारानं एका दाराची वायर उलटी जोडली होती. त्यानं ती सरळ केली, गाणं परत लावलं, आणि खरंच, मघाशी पोकळ वाटणारा आवाज आता भरून आला. दुकानदारानं कानाला हात लावले. "काय तेज कान हाय काकाचा! आमी रोज हेच करतो, आमाला न्हाई समजलं."

दादांनी माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं की काय सांगू! घरापर्यंत मिशीतल्या मिशीत हसत होते. आणि मी गाडी चालवताना विचार करत होते की दोन वर्षं मी उगाच तर या माणसाला बहिरा म्हणत नव्हते ना? पण मग तो ट्रक?

घरासमोर लिंबाखाली गाडी लावली. माय उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. "आता शर्त," मी म्हणाले. दादा माझ्या बाजूला ऐटीत बसलेले. एक गवळण लावली, मध्येच बंद केली, परत लावली. प्रत्येक वेळी दादा समोर बघत बराबर सांगायचे, "लागलं... बंद... लागलं." एकदाही चुकले नाहीत. मी शर्त हरले होते, आणि खरं सांगते, मला हरल्याचा आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी मान खाली घातली, तेव्हा तिरक्या नजरेला मला दादांचा डावा हात दिसला. दाराच्या पॅडवर, स्पीकरच्या जाळीला लागून, पाची बोटं पसरून ठेवलेला.

"तो हात काढा," मी बोटानं दाखवत म्हणाले.

दादांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "काहून?"

"मांडीवर ठिवा."

त्यांनी हात मांडीवर घेतला. मी गवळण लावली. आवाज आणखी वाढवला. उंबऱ्यावरून मायनं दचकून बघितलं. दादा समोर लिंबाकडं बघत होते. एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं. दादा शांत. मी गाणं बंद केलं, आणि मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघत म्हटलं, "लागलं."

दादा घाईघाईनं बोलले. "आतमंदी बसून काय कळतंय? साऊंड बाहीरून आयकावं लागतंय."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना! माझा राग असा उसळून आला. "बरं," मी म्हणाले, "मग जा. त्या समोरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभे राहा. तोंड तिकडं, पाठ माह्याकडं. गाणं लागलं की हात वर करा. मला करायला लावायचे ना, तसं."

दादा उतरले. धोतर सावरत, खडे चुकवत टाकीपर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी चारही दारं उघडी टाकली आणि आत बसले. बटणावर बोट ठेवलं. एकदा मायकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि शेंगा फोडायला लागली. तेव्हाच मला कळलं की हिला सगळं माहीत आहे, कधीचं माहीत आहे. मी परत समोर बघितलं तर टाकीपाशी दादांनी हात वर केला होता.

मी अजून बटण दाबलं नव्हतं.

मी उतरले आणि चालत गेले. पायात चपला घातल्या नाहीत हे खडे टोचल्यावर कळलं. त्यांच्या मागं चार पावलांवर थांबून हाक मारली, "दादा." आणखी एकदा मारली. तीच पाठ, फक्त आता म्हातारी झालेली. हात तसाच वर. मी वळसा घालून समोर गेले. मला बघून ते हसले.

"बराबर हाय," म्हणाले. "फाटत न्हाई."

तेच शब्द. सहावीतले. मी तिथंच उभी राहिले. खोक्यावर टाकलेला हात आठवला, मिटलेले डोळे आठवले.

"मी लावलंच न्हाई," मी म्हणाले. हळू म्हणाले, ओठ नीट हलवून. त्यांना कळलं. चेहरा उतरला, पण हात खाली आला नाही.

"कव्हापासून?"

"तू चवथीत असशील," दादा म्हणाले. "एक कान एका वरातीत गेला. दुसरा हळूहळू गेला."

"अन् सांगितलं काहून न्हाई?"

"बहिऱ्याला सुपारी कोन देतंय, बाई? अन् तू व्हतीस की. तुहे कान व्हते."

मला ओरडायचं होतं. तीस वर्षं मी या माणसाचा राग धरला, त्याच्या धंद्याचा धरला, गाणं सोडलं, आणि हा एक शब्द बोलला नाही. मायही बोलली नाही. दोघांनी मिळून मला उन्हात उभं केलं आणि का उभं केलं ते सांगितलं नाही. मी दात आवळून विचारलं, "मग गॅदरिंगला मी गायले तव्हा?"

"आयकलं की!" दादा पटकन म्हणाले. "खोक्यावर हात ठिवून पूरं आयकलं. शेवटल्या कडव्याला तू हळू झालतीस. म्या मनलं, पोरगी भेली का काय."

"भेले नव्हते," मी म्हणाले. "तुमच्याकडं पाहत व्हते."

हे त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. माझे ओठ तेव्हा नीट हलत नव्हते.

मी डोळे पुसले, त्यांच्या डोळ्यांसमोर आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "दादा, हात खाली घ्या."

"हात खाली म्हंजे..."

"मला ठावं हाय काय म्हंजे. घ्या खाली."

त्यांनी एकदा वरच्या हाताकडं बघितलं, एकदा घराकडं, मायकडं बघितलं. मी वाट बघत उभी राहिले. मग दादांनी हात खाली घेतला.